तीनशे वर्षांची राखण कोणाच्या खर्चात?



कापसाचा, ज्वारीचा उत्पादन खर्च काढताना कृषिमूल्य आयोग काय काय गाळतो, हे आपण बैठकीबैठकीत मांडत आलो. तोच हिशेब आज अणुविजेला लावायचा आहे.

१९६९ साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज सुरू झाली. वीज विकली गेली, कचरा मागे राहिला. जहाल कचरा काचेत ओततात. कमी तीव्रतेचा सिमेंटमध्ये घट्ट करून काँक्रीटच्या खंदकात ठेवतात. कोंडला, विषय मिटला, असे साहेब लोक सांगतात.

आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. २०१९ साली शेजारच्या अकोला जिल्ह्यात बंदी मोडून कापसाचे बियाणे पेरले, ते शेतकऱ्यांनीच. काँक्रीट उद्याच फुटेल अशी भीती घालणाऱ्यांच्या पंगतीलाही आम्ही बसत नाही. काँक्रीट युरेनियमला खरोखर धरून ठेवते. त्याच्या आतले पाणी चुन्याच्या निवळीसारखे क्षारी असते. त्यात युरेनियम फारसे विरघळत नाही, चुना आणि सिलिकेशी बांधले जाऊन त्याचे खनिज बनते. अमेरिकेत हॅनफर्डला बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवले, तिथल्या कचऱ्यासाठी हे तपासले गेले आहे.

पण पानाच्या डबीतला चुना उघडा राहिला की काय होते? हवेतला कर्बवायू खाऊन त्याचा खडू होतो. काँक्रीटचेही तेच, फक्त वर्षे जास्त लागतात. क्षार उतरला की आतली सळई गंजते, गंज फुगतो, भेग पडते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. मग भेगेतून आलेल्या पाण्यात कार्बोनेट असले, की घट्ट बसलेले युरेनियम पुन्हा सुटते. आपल्या लोणारच्या सरोवरात आहे त्याच जातीचा हा खार. आंध्रात तुम्मलपल्लेला खडकातून युरेनियम काढायला सोडाच वापरतात!

खंदकात मुख्यतः सिझियम, स्ट्रॉन्शियम जाते, युरेनियमसारखे पदार्थ थोडेच, हे मान्य. ते दोन्ही सुमारे ३० वर्षांत निम्मे होतात, म्हणून राखण ३०० वर्षांची धरतात. युरेनियम निम्मे व्हायला ४५० कोटी वर्षे लागतात. ती सोडा, ३०० वर्षांचेच बोलू. तेवढ्याच काळापूर्वी पहिला बाजीराव पेशवा होता. त्याच्या कोणत्या चौकीवर आज पहारा आहे?

तेव्हा ३०० वर्षांचा पहारा, निरीक्षण विहिरींच्या पाण्याची तपासणी, भेगा बुजवणे, यांचा खर्च युनिटमागे किती धरला ते सरकारने मांडावे. कृषिपंपाच्या सवलतीवरून आम्हाला टोमणे मारणाऱ्यांनी आधी हा आकडा द्यावा. आणि तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावे उठवली. त्यांच्या शेजारच्या गावांत पाण्याच्या तपासणीचे आकडे दर वर्षी, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.

हा ठराव जिल्हा बैठकीत येत आहे. मेहकर-लोणारच्या पाईकांनी तो आधी आपापल्या गावी वाचून घ्यावा.