सापडलेल्या ओळींचे वाचन

आमच्या विद्यार्थ्यांस हल्ली प्रोग्राम लिहिण्याची मोठी हौस उत्पन्न झाली आहे, व ती पाहून आम्हांस आनंद वाटतो. भाईंदर पूर्वेस नवघर, गोडदेव, खारीगाव ह्या बाजूस राहणारे कित्येक पालक भांड्यांच्या कारखान्यांत राबतात, कित्येक पहाटेची लोकल धरून अंधेरीस जातात; आणि तरीही मुलांस संगणकाचे ज्ञान मिळावे म्हणून पदरास खार लावून शिकवणीची फी भरतात, हे खरोखर स्तुत्य आहे. परंतु ह्या शिक्षणाच्या एका अंगाची फार हयगय होते असे आमचे स्पष्ट मत आहे. ते अंग म्हणजे, लिहून ठेवलेल्या प्रोग्रामात शोध घेणे व त्या शोधातून जी यादी पुढे येते ती नीट वाचणे.

नोकरीस लागलेल्या तरुणाच्या वाट्यास कोरा कागद क्वचितच येतो. दहा-वीस जणांनी अनेक वर्षांत लिहिलेल्या हजारो ओळी त्याच्या स्वाधीन होतात, आणि त्यांतील एखादी गोष्ट कोठे आहे हे त्याने हुडकून काढावयाचे असते. ह्यासाठी प्रोग्राम लिहिण्याच्या प्रत्येक साधनात, मग ते एक्लिप्स असो वा व्हीएस कोड, शोधाची सोय असते. शब्द द्यावा, की तो ज्या ज्या फायलीत आहे तिचे नाव, ओळीचा क्रमांक व ती ओळ अशी यादी क्षणार्धात समोर येते. ह्या सोयीचा पूर्वज केन थॉम्पसन ह्यांनी लिहिलेला 'ग्रेप' नावाचा छोटा प्रोग्राम होय; 1973 साली तो युनिक्समध्ये आला व आजही वापरात आहे.

यादी क्षणार्धात येते, हीच खरी अडचण. गेल्या वर्षी काही मुलांनी परीक्षेच्या निकालाचा एक प्रोग्राम केला. त्यात इंग्रजी लिपीत 'मार्क' असे जे नाव होते, ते बदलून 'स्कोर' करावे असे त्यांनी ठरविले. शोध केला, चाळीसेक ओळी आल्या, कोणीही त्या वाचल्या नाहीत, आणि 'सर्व बदला' हे बटण दाबले गेले. परिणाम असा झाला की, 'रिमार्क'चा रकाना 'रिस्कोर' झाला, गैरहजर मुलांवर खूण करण्याची सूचना निरर्थक झाली, आणि वर्गातील एक विद्यार्थी, जो शुभवर्तमानकाराचे नाव धारण करतो, तो छापील गुणपत्रिकेवर 'स्कोर' ह्या नावाने अवतरला! वर्ग हसला, तो मुलगाही हसला. परंतु हीच चूक एखाद्या रुग्णालयाच्या वा बँकेच्या यादीत झाली असती, तर हसण्यास कोण उरले असते?

ह्यावर एक चतुर विद्यार्थी म्हणाला की, 'पूर्ण शब्दच शोधा' व 'लहान-मोठी अक्षरे निराळी माना' ही दोन बटणे दाबावयास हवी होती. त्याचे म्हणणे खरे, पण अपुरे आहे. पहिल्या बटणाने 'रिमार्क' वाचला असता, दुसऱ्याने त्या मुलाचे नाव वाचले असते. परंतु खूण करण्याच्या सूचनेतील शब्द दोन्ही बटणे दाबूनही बदललाच असता, कारण तेथे अक्षरे तीच होती, अर्थ मात्र निराळा. तो भेद मनुष्याने ओळ वाचल्यावाचून कळत नाही.

मिशनच्या शिक्षणसंस्थांत वाढलेल्या आम्हां लोकांस ही गोष्ट नवी नाही. अलेक्झांडर क्रूडन ह्याने 1737 साली लंडनमध्ये बायबलची जी शब्दसूची प्रसिद्ध केली, तिची घडण हीच आहे: शब्द, अध्याय-वचनाचा क्रमांक, आणि वाक्याचा एक तुकडा. त्या तुकड्यावरच विसंबणारा उपदेशक कोठे जाऊन पडेल ह्याचा नेम नाही. चौदाव्या स्तोत्राच्या आरंभी देवाचे अस्तित्व नाकारणारे शब्द आहेत. पण ते कोणाच्या मनातले आहेत हे वचन पूर्ण वाचणाऱ्यासच समजते. रॉबेर्तो बूसा ह्या जेझुइट पाद्र्यांनी संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या ग्रंथांतील यच्चयावत शब्दांची सूची यंत्राकरवी करण्याचे मनात आणून 1949 साली आयबीएम कंपनीच्या प्रमुखांची भेट घेतली. ते काम सुमारे तीस वर्षे चालले व त्याचे 56 खंड झाले. ह्या उद्योगाचे मूळ मोठे मौजेचे आहे. 'सान्निध्य' ह्या कल्पनेचा अभ्यास करताना बूसांच्या ध्यानात आले की, तो मोठा शब्द शोधून भागत नाही; लॅटिनमधील 'इन', म्हणजे 'आत', हे इवलेसे अव्यय शोधावे लागते. काय शोधावे हे यंत्राने त्यांस सांगितले नव्हते.

मराठीत तर हा प्रश्न पावलोपावली येतो. 'शाळा' शोधली तर 'शाळेत' सापडत नाही. 'काही' शोधले तर 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे 'कांहीं' निसटते. फार कशास, आमच्या गावाचेच नाव कोणी 'भाईंदर' लिहितो, कोणी 'भायंदर'. 'मिरा' व 'मीरा' हाही घोळ आहेच. 'दऱ्या' ह्या शब्दातील जोडाक्षर तर संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी साठविता येते. डोळ्यांस दोन्ही एकच, यंत्रास मात्र भिन्न. अशा वेळी 'एकही सापडले नाही' असे उत्तर येते व भोळा विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवतो. कोणत्या फायली शोधातून वगळल्या आहेत हेही तो पाहत नाही. व्हीएस कोडमध्ये काही फोल्डर आपोआप वगळले जातात, आणि यादी वीस हजारांवर गेली की मूळ योजनेप्रमाणे ती तेथेच थांबते.

ज्यांस हे सर्व पुस्तकी वाटेल त्यांनी अंधेरीच्या सीप्झकडे पाहावे. 1973 साली स्थापन झालेल्या त्या वसाहतीत पुढे सॉफ्टवेअरच्या कंपन्या वाढल्या. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचविण्यासाठी वर्षाचे दोनच अंक लिहीत. त्यामुळे 2000 साल उजाडताच ते 1900 समजले जाण्याची भीती होती. लाखो ओळींतून तारखा हुडकून काढण्याचे हे काम भारतातील कंपन्यांस मोठ्या प्रमाणावर मिळाले. ते प्रायः शोधयादी वाचण्याचेच काम होते. 'तारीख' असे नाव दिलेली जागा सहज सापडे. परंतु ज्याने तिला भलतेच नाव दिले असेल, त्याची ओळ दुसऱ्या ओळीचा माग काढीतच गाठावी लागे. त्या रात्री फारसे काही बिघडले नाही, म्हणून भीतीच खोटी होती असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तसे वाटत नाही.

आता तर सांगितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे आली आहेत, तेव्हा वाचण्याची दगदग कशास, असे पालक विचारतात. आमचे उत्तर असे की, स्वतः लिहिलेले निदान अंशतः आठवते. यंत्राने लिहिलेले वाचल्याखेरीज ठाऊकच होत नाही.

यास्तव आमची सूचना अशी आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक बदलापूर्वी शोधयादी उतरवून घ्यावी, व प्रत्येक ओळीपुढे 'बदलावी' किंवा 'राहू द्यावी' असे कारणासह लिहावे. 'राहू द्यावी' ह्या ओळींच्या कारणांस आम्ही अधिक गुण देऊ. ह्याने वर्षअखेर प्रोग्रामांची संख्या घटेल, आणि शेजारच्या शिकवणीतील मुलाने बारा केले, आमच्याने पाचच, अशी तक्रार येईल. पालकांनी ती घेऊन अवश्य यावे. मात्र येताना मुलाची वही सोबत आणावी.