विश्लेषण : ‘बीपीए-फ्री’ बाटली स्त्रीबीजांसाठी खरेच सुरक्षित?

पाण्याच्या बाटल्यांवर, डब्यांवर ‘बीपीए-फ्री’ हे लेबल हल्ली सर्रास दिसते. बिस्फेनॉल-ए (बीपीए) शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते, म्हणून ते वगळल्याचा हा दावा. पण त्याऐवजी काय वापरले, हे लेबल सांगत नाही. खरी मेख तिथेच आहे.

धोका कसा लक्षात आला?

अपघाताने. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. पॅट्रिशिया हंट उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास करत होत्या. एरवी एक-दोन टक्के बीजांत दिसणारा गुणसूत्रांच्या मांडणीतील दोष अचानक ४० टक्क्यांवर गेला. कारण निघाले पिंजरे! चुकीच्या डिटर्जंटने धुतल्यामुळे त्यांचे पॉलिकार्बोनेट झिजून बीपीए पाझरत होते. पुढे हंट यांच्या नव्या प्रयोगशाळेत पुन्हा तेच घडले. २०१८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. या वेळी पिंजरे पॉलिसल्फोनचे होते आणि पाझरत होते बीपीएस, म्हणजे बीपीएला पर्याय म्हणून आलेले रसायन. सुटा भाग बदलला, बिघाड तोच.

परिणाम पुढच्या पिढीवर कसा?

मुलीची स्त्रीबीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होऊ लागतात. त्यामुळे २००७ मधील एका अभ्यासात गाभण उंदरीणीला दिलेल्या बीपीएचा परिणाम पोटातल्या मादी पिल्लांच्या बीजांवर, पर्यायाने नातवंडांवर दिसला.

माणसांत पुरावा किती?

तुटक. बोस्टनमध्ये आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या ज्या स्त्रियांच्या लघवीत बीपीए जास्त, त्यांची बीजे कमी मिळाल्याचे सुरुवातीला दिसले. त्याच अभ्यासातील पुढच्या विश्लेषणात हा संबंध आढळला नाही. बीपीए काही तासांतच शरीराबाहेर पडते, त्यामुळे एखाद्या नमुन्यावरून वर्षांचा हिशेब लागत नाही. ‘प्लास्टिकमुळे वंध्यत्व’ या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मथळ्यांना त्यामुळे आधार नाही. निर्धास्त राहण्यालाही नाही.

युरोपने काय केले?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २० हजार पटींनी कमी. आधार प्रतिकारशक्तीवरील परिणामांचा होता आणि जर्मनीच्या तज्ज्ञ संस्थेला तो पटला नाही. तरीही जानेवारी २०२५ पासून अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंतील बीपीएवर बंदी लागू झाली, बहुतेक वस्तूंना काही महिन्यांची मुदत देऊन. तिच्या कक्षेत घातक ठरलेली इतर बिस्फेनॉलही आहेत.

घरात काय करता येईल?

उष्णतेने आणि ओरखड्यांनी पाझर वाढतो. गरम वरण-भाजी स्टीलच्या डब्यात भरावी. पाण्याचे २० लिटरचे अनेक जार पॉलिकार्बोनेटचे असतात. उन्हात पडलेला, धुरकट झालेला जार परत पाठवावा.