घर तिच्या नावावर, कर्ज कोणाचे?

स्त्रीच्या नावावर घर असावे, ही मागणी आपण वर्षानुवर्षे लावून धरली. तिला थोडे यशही आले. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांचे घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावाने असावे, अशी अट आली. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पण गृहकर्ज मागायला गेलेली बाई जुन्या कर्जापाशी अडते. "आधी थकबाकी मिटवा, मग या," असे तिला सांगितले जाते.

वरवर पाहता सल्ला रास्त आहे. पण ती थकबाकी कोणाची, हे कोणीच विचारत नाही.

वस्त्यांमध्ये काम करताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसते. मायक्रोफायनान्सचे कर्ज बाईच्या नावावर, पैसे मात्र जातात नवऱ्याच्या रिक्षात, दिराच्या धंद्यात, नणंदेच्या लग्नात. मोटारसायकल त्याची, जामीनदार म्हणून सही हिची. सहीच्या वेळी कागद कोणी वाचून दाखवत नाही आणि नाही म्हणण्याची सोय नसते. पुढे नवरा टाकून देतो, हप्ते थांबतात आणि कागदोपत्री कर्जबुडवी ठरते ती. पत-अहवालात हप्ता चुकल्याची नोंद असते. सही कशी घेतली गेली, याला तिथे रकाना नाही.

म्हणून 'कर्ज फेड' एवढे सांगून आपले काम संपत नाही. आपल्या गटांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात.

पहिली, प्रत्येकीचा पत-अहवाल काढून एकत्र वाचणे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

दुसरी, वसुलीवाल्याच्या गोड बोलण्याला न भुलणे. "अर्धे भरा, मिटवून टाकू," या तडजोडीने तगादा थांबतो, पण अहवालात कर्ज 'बंद' न दिसता 'सेटल्ड' दिसते आणि गृहकर्जाच्या वेळी तेच आड येते. जमेल तिथे हप्ते बांधून घेऊन पूर्ण रक्कम भरावी आणि बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नये. मात्र बँकेचे फेडायला सावकाराचे काढू नये.

तिसरी, हे कर्ज न्यायालयात मांडणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आर्थिक छळ हा हिंसाचार मानला आहे. पोटगीच्या आणि भरपाईच्या अर्जात दागिने, भांडीकुंडी आपण लिहितो. तिच्या नावावर लादलेली कर्जेही रकमेनिशी लिहायला हवीत.

आणि बँकांकडे आपली मागणी स्पष्ट असावी: बाईची सही घेण्यापूर्वी घरच्यांना बाहेर बसवून तिला एकटीला, तिच्या भाषेत कागद समजावून सांगा. सातबाऱ्यावर, घरपट्टीवर तिचे नाव लागावे म्हणून आपण भांडलो. जे कर्ज तिने वापरलेच नाही, त्यावरून तिचे नाव उतरवण्यासाठीही तितकेच भांडावे लागेल.