डिस्नेलँड न बघितल्याचा गुन्हा

हाँगकाँगहून परतल्यापासून जो तो एकच विचारतोय, "डिस्नेलँड नाही बघितलं? मग तीन दिवस केलंत काय?"

तर मंडळी, आम्ही दोघं स्टार फेरीत बसलो. एकदा नाही, चांगलं सहा वेळा! चिम शा चुई ते सेंट्रल, जेमतेम दहा मिनिटं.

ही फेरी कंपनी १८८८ साली काढली दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. पलीकडचा मोडी रोड आपल्या मुंबईच्या हॉर्मसजी मोडींच्या नावाचा. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. हे सांगितलं तर लोक जांभया देतात. फोटो नाही ना त्याचा!

मागच्या टूरमध्ये चार दिवसांत अकरा 'पॉइंट' उरकले होते. बसमध्ये चढा, उतरा, मोजणी. नवरा-बायको म्हणून धड एक वाक्य बोललो नाही.

"एवढे पैसे घालवून नुसतं बसायचं?" म्हणे. अहो, घरी बसायला मिळत नाही म्हणूनच तर! लग्नाला अठरा वर्षं झाली, सहाव्या फेरीत ही म्हणाली, "नोकरी सोडावीशी वाटतेय रे." वर्षभर मनात होतं तिच्या.

हे कुठल्या पॉइंटवर ऐकू आलं असतं? असो. डिस्नेलँड तुम्हीच बघून या.