न मोजलेले मृत्यु

अमेरिकेंतील पोलिसांविषयींच्या एका कायद्याची हकीकत या पृष्ठांवर सांगावयास घेतली, तर "गुरुजींना हें कोठलें सुचलें?" असें आमच्या वाचकांस वाटल्यावांचून राहणार नाहीं. परंतु ज्या गोष्टीची वाच्यता घराबाहेर होऊं द्यावयाची नाहीं असें आपण कुटुंबाकुटुंबांतून ठरवीत आलों, तीच गोष्ट एका मोठ्या राष्ट्रानें कायदा करून मोजावयास घेतली, एवढें सांगितलें म्हणजे या विषयाचा आपल्या माजघराशीं काय संबंध आहे तें सहज ध्यानांत येईल.

प्रथम थोडी माहिती देतों. शहरांचीं, परगण्यांचीं, राज्यांचीं व मध्यवर्ती सरकारचीं मिळून अमेरिकेंत सुमारें १८,००० निरनिराळीं पोलीसदलें आहेत. आणि त्यांतील कित्येक इतकीं लहान कीं, त्यांत दहा शिपाईहि पुरते भरत नाहींत. या सर्वांकडून गुन्ह्यांची माहिती गोळा करण्याचें काम एफ. बी. आय. ही मध्यवर्ती तपाससंस्था करिते. कर्तव्य बजावीत असतां मारल्या गेलेल्या पोलिसांची गणना या संस्थेनें १९३७ सालीं सुरू केली, व पोलिसांवर झालेल्या हल्ल्यांची १९६० सालीं. १९७२ पासून या विषयावर स्वतंत्र अहवाल निघूं लागले. शिपाई कोणत्या कामावर होता, वेळ कोणती होती, हल्लेखोराच्या हातांत हत्यार कोणतें होतें, हें सारें त्यांत नमूद होऊं लागलें.

असल्या तक्त्यांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. १९६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गोळीला बळी पडणाऱ्या पोलिसांची संख्या वाढत चालल्याचें आकड्यांवरून दिसून आलें. तेव्हां तेथील न्यायखात्याच्या संशोधनसंस्थेनें, मोटारींच्या टायरांसाठीं शोधून काढलेल्या केव्हलार नांवाच्या धाग्याचीं हलकीं चिलखतें करविलीं. १९७५ सालीं तीं पंधरा शहरांतील पोलिसांना वापरावयास दिलीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सिॲटल शहरीं अशा एका चिलखतानें एका शिपायाचे प्राण वांचविले. जें मोजलें गेलें, त्यावर उपाय शोधला गेला, असा याचा अर्थ.

परंतु ज्या घावाची सुरुवात मनांत होते, त्याच्यासाठीं या तक्त्यांत रकानाच नव्हता. अपघात, खून, बुडालेलीं मुलें हें सर्व रोज डोळ्यांनीं पाहणारा आणि घरीं गेल्यावर त्यांतील एक अक्षरहि न बोलणारा मनुष्य जेव्हां स्वतःचाच जीव घेतो, तेव्हां तो कोणत्या यादींत जावयाचा? वॉशिंग्टन शहरीं १९९१ सालीं उघडलेल्या पोलिसांच्या स्मारकावर कर्तव्य बजावतांना मेलेल्यांचीं नांवें दगडांत कोरलेलीं आहेत, व प्रतिवर्षीं मे महिन्यांत त्यांत नव्या नांवांची भर पडते. असल्या मृत्यूला मात्र तेथें वर्षानुवर्षें स्थान नव्हतें. घरच्यांनीं तो झांकावा, खात्यानें त्याबद्दल मौन धरावें, असाच शिरस्ता होता.

हें मौन २०१९ सालीं न्यूयॉर्कमध्यें फुटलें. त्या एका वर्षांत तेथील दलांतील दहा जणांनीं आत्महत्या केली. जून महिन्यांतच पोलीस आयुक्तांना ही मानसिक आरोग्याची आणीबाणी आहे असें उघडपणें सांगावें लागलें. पुढें जून २०२० मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें संमत केलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, आणि पोलिसांच्या आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न यांची माहिती एफ. बी. आय.नें गोळा करावी असा कायदा झाला. मृत्यूपूर्वीं काय काय घडलें, मनुष्य कोणत्या कामावर होता, घटना सामान्यतः कोणत्या ठिकाणीं झाली, हें नोंदवावें. मात्र कोणाचीहि ओळख पटेल असा मजकूर अहवालांत येऊं नये, अशी त्यांत तजवीज आहे. १ जानेवारी २०२२ पासून ही नोंद सुरू झाली.

दरम्यान ६ जानेवारी २०२१ रोजीं वॉशिंग्टन येथील संसदभवनावर जमाव चालून गेला. त्या दिवशीं तेथें बंदोबस्तास असलेल्या पोलिसांपैकीं चौघांनीं पुढील सात महिन्यांच्या आंत आपला जीव दिला. हे मृत्यु त्या दिवसाचेच फळ आहे, असें घरच्या माणसांनीं आग्रहानें मांडलें. कर्तव्य बजावतांना मृत्यु आलेल्यांच्या कुटुंबांस साहाय्य देणारा कायदा तेथें १९७६ पासून होता. ऑगस्ट २०२२ मध्यें त्यांत दुरुस्ती होऊन, भयंकर प्रसंगाच्या आघातामुळें केलेल्या आत्महत्येसहि विशिष्ट अटींवर तें साहाय्य मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढें पोलिसांवरील हल्ले आणि त्यांच्या मनावरील ताण या दोहोंची आज होणारी नोंद पुरेशी आहे काय, याचा न्यायखात्यानें अहवाल द्यावा असें एक विधेयक मे २०२४ मध्यें प्रतिनिधिगृहानें संमत केलें. परंतु त्या काँग्रेसची मुदत जानेवारी २०२५ मध्यें संपली व तें तसेंच राहिलें. त्याच वर्षीं तें पुन्हां मांडलें गेलें.

या कायद्यास मर्यादा आहेत, हें सांगितलें पाहिजे. माहिती पाठविणें हें प्रत्येक दलाच्या खुषीवर सोडलेलें आहे. त्यामुळें आंकडा लहान दिसला, तर मृत्यु थोडे कीं कळविणारे थोडे, हें त्यावरून ठरत नाहीं. शिवाय जेथें सारें दलच पांच-सात माणसांचें, तेथें नांव न लिहितांहि सगळ्या गांवास कळतें. आणि मन दुखावलें आहे असें कबूल केल्यास हातांतील शस्त्र व हुद्दा जाईल, या भीतीनें जो जिवंत मनुष्यच बोलत नाहीं, त्याला कागदावरचा रकाना काय बोलता करणार?

नुसत्या नोंदीचें मोल किती, हें मला एका हजेरीपटानें शिकविलें आहे. माझ्या वर्गांत एका हवालदाराचा मुलगा होता. ऐन सहामाहीच्या सुमारास तो तीन आठवडे आला नाहीं. त्याच्या नांवापुढें मीं रोज नियमानें ‘गै’ लिहिलें व महिनाअखेर बेरीज चोख जुळविली. तो परत आला तेव्हां त्याच्या डोक्यावर केस नव्हते. शिक्षकांच्या खोलींत हलक्या आवाजांत कांहीं बोलणें झालें, आणि "आपण कशाला विचारा" असें म्हणून आम्हीं विषय बदलला. मीं त्या मुलाला कांहीं विचारलें नाहीं. त्यानेंहि कांहीं सांगितलें नाहीं. पुढील वर्षीं तो दुसऱ्या गांवीं गेला. माझा हजेरीपट निर्दोष होता, एवढेंच मला माझ्या बाजूनें म्हणतां येईल.

संस्कृतांत ‘ख्या’ या धातूचा अर्थ सांगणें, प्रकट करणें असा आहे. ‘आख्यान’ हा शब्द त्यापासून झाला, आणि ‘संख्या’ हा शब्दहि त्यापासूनच. मोजणें आणि सांगणें हीं मुळांत एकाच घरचीं आहेत. मीं मोजलें, पण विचारलें नाहीं. म्हणून माझ्या ‘गै’च्या बेरजेंतून कांहींच प्रकट झालें नाहीं. अमेरिकेच्या कायद्यांत मला महत्त्वाचें वाटतें तें हेंच कीं, मृत्यु किती एवढें विचारून तो थांबत नाहीं. त्यापूर्वीं काय घडलें होतें, हेंहि तो विचारतो.

आपल्या एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. पंगतीला कोण आलें नाहीं हें वडीलधाऱ्यांस न मोजतां समजतें. परंतु जो पंगतीला बसला आहे आणि जेवत नाहीं, कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो, त्याला "बाबा, काय झालें?" असें विचारण्यास आपण कचरतों, आणि दुर्दैवानें तो गेलाच, तर दुखण्याचें निमित्त सांगून मोकळे होतों. त्या घरांतील मुलास मात्र जन्मभर तें खोटें वागवावें लागतें. कायदा अठरा हजार दलांना विचारूं शकेल. घरांतल्या माणसाला घरच्यांनींच विचारलें पाहिजे. तें या महिन्यांत एकदां तरी विचारून पाहावें, एवढीच वाचकांस विनंति.