लंगोट कोणी धुवायचा?



गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी नात आली. लेकीचे पहिलेच बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली होती. नामकरणाचा कार्यक्रम विहारात साधेपणाने झाला. त्रिशरण-पंचशील झाले, सर्वांना खीर वाटली. घरी येऊन भेटी उघडल्या, तर झबली-टोपडी दोन आणि डायपरची पाकिटे पाच!

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. आपली पोरं फाटक्या लुगड्याच्या लंगोटावर वाढली. नातीला तरी चांगलं मिळू दे." त्यांचे म्हणणे आम्हांलाही पटले. ज्या घरात नेसायलाच दोन लुगडी, तिथे एक पुरते विटेपर्यंत बाळाला लंगोट कुठून मिळणार? त्या दिवसांतून आलेल्या बाईला डायपरचे पाकीट म्हणजे बरे दिवस आल्याची खूणच वाटते. त्यात तिची काही चूक नाही.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. एके दिवशी सकाळी आम्ही कचऱ्याची बादली घेऊन फाटकापाशी गेलो. आमच्या सोसायटीचा कचरा नेणाऱ्या मावशी तिथे बसून ओला-सुका वेगळा करीत होत्या. आम्हांला पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरी बाळ आलंय ना?" आम्हांला आनंद झाला. "हो, नात झाली. तुम्हांला कोणी सांगितलं?" मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी हातातल्या पिशवीकडे नुसते पाहिले. पिशवी फाटली होती. आतले डायपर सुटले होते आणि मावशींची बोटे भरली होती.

आम्ही "हात धुवायला पाणी आणते" एवढेच म्हणू शकलो.

वाचकांना सांगायला हरकत नाही, आमचे सासरे मुंबईला कचऱ्याच्या गाडीवर होते. कामावरून आल्यावर बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात साबणाने घासल्याशिवाय ते नातवंडांना जवळ घेत नसत. घासूनही हात नाकाशी नेऊन पाहत. त्यांच्या त्या नोकरीवर मुले शिकली, फ्लॅट झाला. आणि त्याच फ्लॅटमधून आम्ही रोज पाच-सहा डायपर पिशवीत बांधून दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देत होतो. त्या मावशीही आपल्याच. अशा कामाला कोण लागते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात आलेल्या बहुसंख्य बाया दलित समाजातल्याच होत्या.

त्या दिवशी घरात आम्ही विषय काढला. लंगोट पुन्हा सुरू करावे, असे सुचवले. लेक एकदम म्हणाली, "आई, मावशींच्या हाताला घाण नको म्हणून मी रोज बारा लंगोट धुवायचे का? ओली बाळंतीण मी. मीही बाईच आहे ना?"

तिचे बोलणे खोटे नव्हते. आमची सासू, आम्ही, आमच्या नणंदा, सगळ्यांनी लंगोट धुतले. घरातल्या एकाही पुरुषाने कधी धुतला नाही. डायपर आला तेव्हा बायकांना सुटल्यासारखे वाटले ते याचसाठी. म्हणजे खरा प्रश्न कापड की डायपर एवढाच नाही. बाळाची शी-शू कोणाला तरी काढावी लागतेच. घरात बाई काढते, नाहीतर घराबाहेर कचरा वेचणारी बाई काढते. आम्ही फक्त एका बाईच्या हातातून काढून दुसरीच्या हातात दिले होते.

यावर आमच्या घरात तोड निघाली ती अशी. आमचे हे निवृत्त झाले आहेत. दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी लंगोटांची बादली उचलली. स्वतःच्या तीन मुलांचा एक लंगोट न धुतलेला माणूस! गॅलरीत दोरीवर लंगोट वाळत घालताना समोरचे शेजारी हसले, तेव्हा हे म्हणाले, "माझ्या बापानं गावाची घाण उचलली. मला नातीची जड आहे का?" जावईबापू शनिवार-रविवारी येतात. त्या दोन दिवसांची बादली त्यांची. आता ते न सांगता उचलतात.

आता थोडे या डायपरविषयी. अमेरिकेत १९६१ साली 'पॅम्पर्स' या नावाचा डायपर बाजारात आला आणि पुढे जगभर पसरला. बाहेरून तो कापडासारखा मऊ लागतो. पण वरचा मऊ थर प्लॅस्टिकच्या धाग्यांचा, खालचा प्लॅस्टिकचा पातळ कागद, मध्ये लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी रसायनाची भुकटी असते. म्हणूनच बाळ कोरडे राहते. पण यातले प्लॅस्टिक कुजत नाही, आणि ओली घाण लागल्यामुळे ते भंगारातही जात नाही. मावशींना त्याचा एक पैसा मिळत नाही, मिळते ती फक्त घाण.

हिशोबही करून पाहू. दिवसाला पाच धरले तरी महिन्याला दीडशे होतात. दहा रुपयांना एक धरला तर पंधराशे रुपये. दोन वर्षांत साडेतीन हजारांवर डायपर एकट्या बाळाचे! लंगोटाला आमचा खर्च झाला तो सुती धोतरजोडीचा आणि नाड्यांचा. बाकीचे जुन्या सुती साड्यांतून निघाले.

काही सुशिक्षित भगिनी विचारतील, धुण्याला पाणी, साबण, वीज लागते त्याचे काय? बरोबर आहे. ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवर याचा अभ्यास झाला आहे. २००८ सालच्या अहवालात असे दिसले की, लंगोट फार गरम पाण्यात धुतले आणि यंत्रात वाळवले तर कापडाचा फायदा राहत नाही. पण मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच पुढच्या बाळाला वापरले तर फायदा चांगला होतो. आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि एकाचे लंगोट दुसऱ्याला वापरण्याची रीत जुनीच आहे.

ज्यांना लंगोट वापरायचे आहेत त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

कापड सुतीच घ्यावे. मलमल, धोतर किंवा जुनी मऊ साडी उत्तम. टेरिकॉट, नायलॉन नको. कापड नवे असेल तर दोन-तीनदा धुऊन खळ काढावी, नाहीतर ते पाणी शोषत नाही. साधारण पाऊण मीटर चौरस तुकडा त्रिकोणी दुमडावा आणि नाडीने सैल बांधावा. तान्ह्या बाळाला दिवसात दहा-बारा वेळा बदलावे लागते, म्हणून तीस-पस्तीस लंगोट हवेत. पावसाळ्यात डझनभर जास्त ठेवावेत.

शी लागलेला लंगोट आधी संडासात झटकून खळबळून घ्यावा. ते पाणी मोरीत किंवा उघड्या गटारात सोडू नये. "तान्ह्या बाळाच्या शीला काय होतंय" असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही, तिच्यातही रोगजंतू असतात. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

साबण बेताचा वापरावा आणि तीन पाण्यांतून काढावे. साबण कापडात राहिला तर बाळाच्या अंगाला खाज येते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाकू नयेत, त्याने कापड पाणी शोषेनासे होते. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवावी. दमट लंगोट कधी बांधू नये.

लंगोट ओला झाला की लगेच बदलावा. वरून प्लॅस्टिकची चड्डी दिवसभर घालून ठेवू नये. दर वेळी कोमट पाण्याने पुसून, टिपून, थोडा वेळ उघडे ठेवावे. पावडर टाकू नये, ती श्वासातून आत जाते. कातडी लाल झाली आणि दोन-तीन दिवसांत ओसरली नाही, किंवा जांघेच्या वळ्यांत लालभडक चट्टे आणि कडेला बारीक पुरळ दिसली, तर घरगुती उपाय करीत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. बुरशीची लागण असू शकते. आणि हे डायपरच्या बाळालाच होते असे नाही. ओल्या लंगोटात ठेवलेल्या बाळालाही होते.

आता ज्या भगिनी एका खोलीत राहतात, ज्यांच्याकडे पाणी तासभरच येते, ज्या पहाटे डबा करून नोकरीवर पळतात, त्यांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये. डायपर वापरणे हा काही गुन्हा नाही. आमच्याकडेही प्रवासात आणि दवाखान्यात जाताना डायपर घालतोच. पण तो टाकायची रीत पाळावी. शी आधी संडासात टाकावी. डायपर मात्र संडासात टाकू नये, नळ तुंबतो आणि मग तो उपसायला पुन्हा कोणीतरी माणूसच उतरतो. डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीने बंद करावा, वर्तमानपत्रात बांधावा आणि वर लाल ठिपका काढावा. म्हणजे उघडून पाहण्याआधी मावशींना कळते. ओल्या कचऱ्यात न घालता तो वेगळा हातात द्यावा. घनकचऱ्याच्या २०१६ सालच्या नियमांत डायपर गुंडाळून देण्याची जबाबदारी घरातल्यांवर टाकली होती, आणि त्यासाठी पाकिटाबरोबर वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर. आपल्या पाकिटात ते आहे का, पाहावे. नसेल तर दुकानदाराला विचारावे.

थोरल्या जाऊबाईंना आम्ही हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा फाटक्या लुगड्यावरच आलो की." आम्ही म्हणालो, फाटके लुगडे ही गरिबी होती, पण ते उन्हात वाळवून पांढरेशुभ्र ठेवले ती तुमची हुशारी होती. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले, तेव्हा कोणाच्या घरी रेशीम नव्हते. स्वच्छता पाकिटातून येत नाही. पण ती दुसऱ्याच्या हाताला घाण लावूनही येऊ नये, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

मावशी आता फाटकापाशी भेटल्या की नातीची चौकशी करतात. परवा त्यांनी तिला घ्यायला हात पुढे केले आणि एकदम मागे घेतले. लेकीने नातीला त्यांच्या कडेवर दिले.

पुढील आठवड्यात : सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न काय आणि कसे द्यावे.