पिल्लू कोणाचे?

लहान मूल असलेल्या घरात कुत्रे-मांजर पाळावे की नाही, या वादात दोन्ही पक्ष अतिशयोक्ती करतात. विरोधकांना प्राणी म्हटले की रोगराई, चावे, घरभर केस आणि अभ्यासाचे खोबरे एवढेच दिसते. समर्थक त्याच प्राण्याला आरोग्य, बुद्धी आणि संस्कार यांचे तिहेरी टॉनिक ठरवतात.

विरोधकांचा सर्वांत भक्कम आक्षेप रेबीजचा आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्याकडून आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांत 40 टक्के मुले 15 वर्षांखालील असतात. मात्र हा धोका मुख्यतः लस न टोचलेल्या कुत्र्यांचा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस आणि पुढे वेळच्या वेळी मात्रा दिल्या, की घरच्या कुत्र्यापुरता तो जवळपास संपतो. चाव्यांचा प्रश्न मात्र लशीने सुटत नाही, हे समर्थकांनी कबूल करायला हवे. लहान मुलांना होणारे बरेच चावे ओळखीच्याच कुत्र्यांचे असतात. कुत्रे जेवत असताना त्याची शेपूट ओढली जाते, झोपलेले असताना कोणी अंगावर पडते, आणि बिचारे दात दाखवते. त्यामुळे लहान मूल आणि कुत्रे यांच्याजवळ कोणीतरी मोठे माणूस हवेच. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट लावण्याचे उद्योग करायचे नाहीत.

केसांमुळे दमा होतो, हा आक्षेप इतका भक्कम नाही. फिनलंडमध्ये 397 बाळांचे पहिले वर्ष पाहिलेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्याच्या सहवासातली बाळे श्वसनाच्या विकारांनी कमी आजारी पडली आणि त्यांना प्रतिजैविकेही कमी लागली. स्वीडनमधल्या 2015च्या मोठ्या पाहणीत, पहिल्या वर्षी घरात कुत्रे असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दम्याचे प्रमाण 13 टक्क्यांनी कमी दिसले. ज्या मुलाला प्राण्यांची ॲलर्जी आधीच जडलेली आहे, त्याला मात्र या आकड्यांचा काही उपयोग नाही. त्याच्या घरी प्राणी न आणणेच शहाणपणाचे.

प्राणी पाळणे हे शहरी श्रीमंतांचे खूळ आहे, असेही म्हटले जाते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणाऱ्या आणि विदर्भात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मिरवणाऱ्या मुलांच्या मुलखात हे म्हणणे विचित्रच वाटते. गोठा असलेल्या घरातले मूल शेळीच्या करडाला बाटलीने दूध पाजते, तेव्हा त्याला कोणी खूळ म्हणत नाही. जुन्या वाड्याच्या ओसरीवरला मिठूचा पिंजरा मात्र या परंपरेत मोजू नये. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट घरात कोंडणे हा गुन्हा आहे.

आता समर्थकांकडे वळू. प्राणी असलेल्या घरातली मुले अधिक निरोगी असतात, हे त्यांचे लाडके विधान. कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवर 2017 साली झालेल्या विश्लेषणात आधी तसेच दिसले. पण कुटुंबाचे उत्पन्न, घराचा प्रकार वगैरे गोष्टी हिशेबात घेताच तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. ऐसपैस घर आणि हातात पैसा असलेली माणसे कुत्रे जास्त पाळतात, आणि त्यांची मुले तशीही सुस्थितीत असतात. बुद्धी वाढवायला पिल्लू आणणे म्हणजे गणित सुधारायला क्रिकेटची बॅट घेणे.

मग उरते काय? जॉन लॉकने 1693 साली शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात एका आईचे उदाहरण दिले आहे. ती मुलींना कुत्री, खारी, पक्षी हौसेने आणून द्यायची, पण त्यांची नीट देखभाल करायला लावायची. हेळसांड हा तिथे दोष मानला जाई. लहानपणी मुक्या जिवांना छळण्यात मजा वाटू लागली, तर पुढे माणसांविषयीही मन कठोर होते, असे लॉकचे म्हणणे होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गेल मेल्सन यांचे निरीक्षण तर आपल्या घरांना अगदी लागू पडते. तान्ह्या बाळाला सांभाळणे हे ‘बायकांचे काम’ ठरत गेले, की मुलगे त्यातून हळूहळू अंग काढून घेतात. प्राण्याला खाऊ-पिऊ घालण्यात मात्र मुलगा-मुलगी हा फरक पडत नाही. दुसऱ्या जिवाची काळजी घेण्याचा सराव मुलग्याला जिथे संकोचाशिवाय करता येतो, अशा जागा फार थोड्या आहेत.

दुसरा लाभ संगतीचा. बोरिस लेविन्सन या मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत जिंगल्स नावाचा कुत्रा होता. उपचारांना दाद न देणारा एक मुलगा त्या कुत्र्याशी खुलला, आणि मग हळूहळू डॉक्टरशीही. 1962 साली लेविन्सनने यावर लेख लिहिला. काही सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. 1983च्या एका प्रयोगात मुले मोठ्याने वाचत असताना खोलीत कुत्रा असला, तर त्यांचा रक्तदाब कमी राहतो असे आढळले. चुका न काढणारा श्रोता मुलांना शाळेत किंवा घरी क्वचितच मिळतो.

हे सगळे पदरात पडते ते मोठ्यांनी आधी भार उचलला तरच. सात वर्षांचे मूल पिल्लाला पाणी ठेवील, ब्रश करील. पण लसीची तारीख, डॉक्टरची फी आणि पहाटे पावसातले फिरवणे त्याच्या गळ्यात टाकता येत नाही. कुत्रे दहा ते तेरा वर्षे जगते. सातव्या वाढदिवसाला मिळालेले पिल्लू म्हातारे होते, तेव्हा ते मूल कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेलेले असते आणि कुत्रे आईबाबांच्या पायाशी झोपलेले असते.